आधीची हाक

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सासूबाई स्वयंपाकघरात पडल्या. वेळ ठरली ती भिंतीवरच्या घड्याळावरून. पडताना हात लागून तेही खाली आलं आणि तिथेच थांबलं. नळ सुरू होता, तो वाहत राहिला. दुपारी बाराच्या सुमारास खालच्या सायकलच्या दुकानात छतातून पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा दुकानदार बाह्या सरसावून भांडायलाच वर गेला. दार वाजवलं, हाका मारल्या, आतून हूं की चूं नाही. शेवटी त्याने खांदा लावून कडी उचकटली. बाई ओट्याला लागून उजव्या कुशीवर पडल्या होत्या, डोळे टक्क उघडे. त्याच्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. भांडायला आलेला माणूस त्यांच्या डोक्याखाली स्वतःचं जाकीट सारून गुडघ्यांवर बसला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एकटाच बोलत राहिला.

जावयाला फोन गेला तेव्हा तो एका इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात, ग्रीसने माखलेल्या हातांनी उभा होता. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. सासूबाईंना ते काम पहिल्या भेटीपासून थट्टेला पुरून उरलं होतं. लग्न ठरायच्या आधी तो त्यांच्या घरी तासभर उशिरा पोहोचला, कारण वाटेत एका लिफ्टमध्ये तो स्वतःच अडकला होता. सासूबाईंनी दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कितव्या मजल्यावर अडकला होतात?" तेव्हापासून तो पाच मिनिटं जरी उशिरा आला तरी तोच प्रश्न. "या जावईबापू. आज कितव्या मजल्यावर?" त्याला त्याचा राग यायचा. इस्पितळात कॉटशेजारी बसून तो प्रश्न ऐकायला कान आसुसतील, असं कुणी सांगितलं असतं तर त्याने त्या माणसाला वेड्यात काढलं असतं.

डॉक्टरांनी सगळं सरळ सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. पाय सुधारेल, हात सावकाश सुधारेल, बोलण्याचं आत्ताच सांगता येणार नाही. ऐकलेलं समजतं, समोरचं ओळखता येतं, पण शब्द शोधायला गेलं की हाती लागत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर त्या मुलीच्या घरी आल्या. मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा होत्या, त्या हलवून त्यांच्यासाठी कॉट टाकली. काठी टेकत त्या घरभर फिरू लागल्या, डाव्या हाताने जेवू लागल्या. आणि रोज सकाळी आंघोळ झाली की कोट घालून, मांडीवर पर्स ठेवून, बाहेरच्या दाराशी खुर्चीत बसू लागल्या.

"आई, कुठे निघालीस?" मुलीने पहिल्या दिवशी विचारलं.

सासूबाईंनी पर्समधून किल्ली काढून दाखवली. स्वतःच्या दोन खोल्यांची.

"ते आता नाही," मुलगी म्हणाली. "पाच तास पडून होतीस तू. पाच तास! नळ बंद असता तर?"

सासूबाईंनी किल्ली पुन्हा पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोट, पुन्हा खुर्ची.

प्रश्न नुसत्या हट्टाचा नव्हता. खोल्या भाड्याच्या होत्या आणि घरमालकाकडे दुसरा भाडेकरू तयार होता. बाई परत येणार की नाही हे जानेवारीच्या पाच तारखेपर्यंत सांगा, असं त्याने कळवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण खोली रिकामी ठेवून तो तरी किती दिवस थांबणार? डॉक्टरांनी आपली अट घातली. एकटं राहायचं असेल तर पडल्यावर, दुखल्यावर बाईंना स्वतः फोन करून मदत मागता आली पाहिजे. शेजारी कुणी न बसता, कुणी न सुचवता. निदान कुठे यायचं एवढं सांगता यायला हवं. तेवीस डिसेंबरला चाचणी घेऊ, मग बघू.

मुलीने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "तू तिला नादी लावू नकोस. मला ती इथेच हवीय."

"मी कुठे काय बोललो?"

"तोंडाने नाही बोललास. काल तिच्या बुटांना पॉलिश कोणी केलं?"



*

इस्पितळाच्या स्पीच थेरपी विभागात डिसेंबर लागला की सगळं काम नाताळाच्या शब्दांवर चालायचं. भिंतीवर एक दोरी आणि तिला चिमट्यांनी लावलेले शब्द: घंटा, मेणबत्ती, भेटवस्तू, रिबन, मोजे, चांदणी. टेबलावर चित्रांची कार्डं, पुढे चित्र, मागे शब्द. शिवाय अर्धवट छापलेली शुभेच्छापत्रं, गाळलेल्या जागा भरायला. 'नाताळच्या हार्दिक ______.' 'नवीन वर्ष सुखाचं ______.' मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी पाच-सहा जण गोल बसायचे. त्यांत एक निवृत्त बसकंडक्टर होता. त्याच्याकडे एकच शब्द शिल्लक होता, "चला!" घंटेचं चित्र दाखवलं तरी "चला!" आणि मेणबत्तीचं दाखवलं तरी "चला!" पण दर वेळी वेगळ्या सुरात, त्यामुळे तो काय म्हणतोय ते सगळ्यांना कळायचं.

जावई सासूबाईंना घेऊन यायचा आणि मागे भिंतीशी बसायचा. थेरपिस्ट तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. चित्र समोर धरायची आणि गप्प राहायची. घरच्यांना तिने बजावलं होतं, शब्द तोंडात कोंबू नका, त्यांना वेळ द्या. वेळ भरपूर दिला जात होता. मेंढीचं चित्र समोर यायचं, खोलीत शांतता व्हायची, सासूबाई चित्राकडे बघायच्या, मग थेरपिस्टकडे बघायच्या, आणि ओठ घट्ट मिटून बसायच्या. जावयाला त्यात एक गोष्ट खटकत होती. अडकलेली माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती. ती धडपडतात, घाम फुटतो, बटणं बडवतात. सासूबाई धडपडत नव्हत्या. त्या थांबल्या होत्या, बसथांब्यावर थांबावं तसं.

दुसऱ्या आठवड्यात गाढवाचं चित्र आलं तेव्हा त्यांच्या तोंडून पहिला शब्द फुटला.

"मुकादम," त्या म्हणाल्या. स्पष्ट.

थेरपिस्टने हसून मान हलवली आणि नोंद केली. बाहेर आल्यावर तिने जावयाला सांगितलं, की भलता शब्द आला तरी शब्द आला, हे चांगलंच आहे. मात्र तेवीस तारखेबद्दल फार आशा धरू नका.

"चला," मागून कंडक्टर म्हणाला. तो सूर सांत्वनाचा होता.

*

सासूबाईंनी सगळी हयात एका कारखान्यात काढली होती. तिथे नाताळच्या, येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याच्या पेट्या बनायच्या. प्लास्टरच्या रंगवलेल्या मूर्ती, भुशात बसवलेल्या, लाकडी पेटीत बंद. कारखाना तळमजल्यावर होता आणि त्यांच्या खोल्या बरोबर त्याच्या डोक्यावर. कारखाना बंद पडून आठ वर्षं झाली होती आणि त्या जागी आता सायकली दुरुस्त होत होत्या. जावयाला माहीत होतं ते एवढंच.

रविवारी संध्याकाळी त्या कारखान्याचा जुना मुकादम भेटायला आला. सत्तरी ओलांडलेला, ताठ, हातात संत्र्यांची पिशवी. दारातूनच त्याने आवाज दिला, "कुठे आहे आमची झाकणबाई?"

"कोण?" जावयाने विचारलं.

"तुमच्या सासूबाई हो. पेटीचं झाकण लावायचं काम त्यांचं. तुम्हाला सांगितलं नाही कधी?" मग सासूबाईंसमोर बसून तो त्यांच्याशी हवापाण्याचं बोलला, कोण कुठे असतं ते बोलला, आणि बोलण्यासारखं संपलं तसा संत्री सोलायला लागला. आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाची होते ती अवस्था. जेवणाच्या टेबलावर थेरपीची कार्डं पसरली होती. मुकादमाची नजर त्यांवर गेली आणि त्याच्या कपाळावर आठी उमटली.

"हे कोणी लावलं असं? गाढव आधी आणि बाळ शेवटी?"

"सराव आहे तो," जावई म्हणाला. "चित्र दाखवायचं, नाव विचारायचं. क्रम वगैरे काही नसतो."

"क्रम नसतो म्हणजे? पेटीला क्रम नसेल तर पेटी भरायची कशी?" त्याने संत्रं बाजूला ठेवलं, रुमालाला हात पुसले आणि कार्डं ओळीत लावायला घेतली. लावून झाल्यावर पहिल्या कार्डावर बोट ठेवून, कारखाना अजून चालू असल्यासारखा, त्याने आवाज टाकला.

"बाळ!"

"आई," सासूबाई म्हणाल्या.

जावई उठून उभा राहिला. मुकादमाला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "बाबा!"

"मेंढपाळ."

"मेंढी!"

"गाय."

"गाढव!"

इथे सासूबाई थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "मुकादम," त्या म्हणाल्या.

"हां, काय?" मुकादम म्हणाला.

सासूबाईंनी डावा हात उचलला, गाढवाच्या कार्डावर बोट ठेवलं, आणि मग तेच बोट त्याच्याकडे वळवलं.

मुकादमाला उमगायला जरा वेळ लागला. जावयाला आधी उमगलं आणि त्याचं हसू काही केल्या आवरेना. "माझ्यासमोर गाढव म्हणायच्या," मुकादम सावकाश म्हणाला, "आणि मी बाहेर गेलो की... किती वर्षं? सगळ्या जणी?" सासूबाईंचे खांदे गदगदत होते. दोन महिन्यांत त्या हसल्या नव्हत्या. "बरं झालं कारखाना बंद पडला," मुकादम म्हणाला, पण तोही हसत होता. "चला पुढे. थोरला!"

"मधला."

"धाकटा!" हे तिघे राजे.

"देवदूत."

"तारा!"

"नाताळच्या शुभेच्छा," सासूबाई म्हणाल्या, आणि टेबलावर हलकेच तळहात आपटला. ते झाकण.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातांवरून साबणाचं पाणी गळत होतं. "हा आवाज," ती म्हणाली. "परीक्षेचा अभ्यास करताना खालून हाच गलका यायचा. मी पाय आपटायचे जमिनीवर. शब्द कधी कळले नाहीत, नुसता ठेका."

"ते पाय आम्हाला ऐकू यायचे बरं का," मुकादम म्हणाला.

मग त्याने सगळी हकिगत सांगितली. एका वर्षी कितीतरी पेट्या बाळाविनाच विकल्या गेल्या. आई आहे, बाबा आहेत, गाय-गाढव आहे, राजे नजराणे घेऊन उभे आहेत आणि गव्हाण रिकामी. नाताळच्या तोंडावर गिऱ्हाइकं दारात येऊन भांडली. तेव्हापासून त्याने नियम केला. टेबलाशी बायका ओळीत बसतील, पेटी एकीकडून दुसरीकडे सरकेल, जी ती आपली मूर्ती ठेवून तिचं नाव मोठ्याने पुकारेल. आणि आधीची हाक कानावर आल्याशिवाय पुढचीने तोंड उघडायचं नाही.

"उघडलं तर?" जावयाने विचारलं.

"तर पेटी परत पहिल्या बाईकडे. सगळ्या जणी खाऊ की गिळू अशा बघायच्या तिच्याकडे. झाकणबाई तर शेवटची, सगळ्यांच्या हाका ऐकून मग बोलणारी. कुणी रजेवर असली की तिची जागाही हीच घ्यायची, म्हणून सगळी ओळ पाठ." त्याने मेंढीचं कार्ड उचलून जावयासमोर धरलं आणि गप्प राहिला, थेरपिस्ट राहायची तसाच. "असं एकटं चित्र दाखवून तुम्ही गप्प बसलात तर ती काय बोलणार? ती हाकेची वाट बघतेय."

जावई पुन्हा खुर्चीत बसला. त्याच्या कामात एक साधी गोष्ट नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगतात. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला 'काय झालं' असं विचारायचं नाही. त्याची बोबडी वळलेली असते. त्याला विचारायचं, 'दार किती उघडंय? दिवा लागतोय का?' पुढचं पाऊल टाकायला आधीचं पाऊल द्यावं लागतं. हे त्याला माहीत होतं. घरात वापरायचं सुचलं नव्हतं.

"आणि झाकणानंतर?" त्याने विचारलं. "झाकण लावलं की संपलं?"

"छे. वर चिठ्ठी कोण लावणार? कारखान्याच्या पत्त्याची." मुकादमाने सासूबाईंकडे बघून नुसती भुवई उचलली.

"चौदा नंबर," सासूबाई म्हणाल्या. "टाकीमागची गल्ली. तळमजला."

 मजला सोडला तर तो त्यांच्या घराचा पत्ता होता.

*

मंगळवारी थेरपिस्टने ती ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा ऐकली, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद लपला नाही. पण तिने लगेच हुरळून जाण्याचं टाळलं. पाठ झालेली रांग आणि मनातलं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ती म्हणाली. आकडे, वारांची नावं, प्रार्थना, हे रुग्णांना बरेचदा येतं. सासूबाईंनाही आकडे येत होते. अशी कामावरची रांग त्यांच्याकडे आहे हे कुणाला माहीत असणार? "पाया म्हणून हे उत्तम आहे. पण फोनवर मदत मागताना पलीकडचा माणूस गाय, गाढव आणि तीन राजे संपेपर्यंत थांबणार नाही."

"छोटी पेटी," मुकादम म्हणाला. जावयाने त्याला मुद्दाम सोबत आणलं होतं. "स्वस्तातली. तीन मूर्ती आणि तारा. गरिबाघरी तीच जायची."

छोट्या पेटीची ओळ अशी होती: बाळ, आई, बाबा, तारा, शुभेच्छा, पत्ता. सराव सुरू झाला. आधी मुकादम हाक द्यायचा आणि सासूबाई पुढची द्यायच्या. मग मुकादमाने आपल्या हाका एकेक करून गाळायला सुरुवात केली. त्या पहिल्यांदा अडायच्या, डोळे वटारायच्या, नियम मोडतोय म्हणून त्याच्यावर रागवायच्या. मग गाळलेली हाकही स्वतःच द्यायच्या. कंडक्टरला हा खेळ इतका आवडला की पत्त्यानंतर तो नेमाने म्हणू लागला, "चला!" आणि थेरपिस्टनेच पहिल्यांदा लक्षात आणून दिलं, की आता तो शब्द तो नेमका योग्य जागी म्हणतोय.

घोडं अडलं ते फोनपाशी. समोर बसून सगळं सुरळीत व्हायचं. शेजारच्या खोलीत बसून जावयाने त्यांना फोन लावायला सांगितला, उचलून "हॅलो?" म्हटलं, की पलीकडे चिडीचूप.

"हॅलो ही हाक कुठल्याच पेटीत नाही," तो बायकोला म्हणाला.

"मग घाल की पेटीत." मुलगी भांडी पुसत होती. सरावाच्या वेळी ती नेहमी काही ना काही काम काढून दूर राहायची. "तुमची पेटी, तुमचे नियम."

"तू घाल. तुझा आवाज तिला जास्त जवळचा."

"मला नको त्यात ओढू."

 तिने तीच बशी पुन्हा पुसली. "तिला जमलं तर ती जाणार," ती अखेर म्हणाली. "आणि मग मी रोज सकाळी सात दहाला घड्याळ बघणार. जन्मभर."

"आणि नाही जमलं तर ती रोज सकाळी कोट घालून दारात बसणार. तेही जन्मभर."

त्या संध्याकाळी मुलीने हात पुसले, मागच्या खोलीत जाऊन कॉटवर आईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हॅलो." मग स्वतःच, "बाळ." पुन्हा "हॅलो." आणि थांबली. सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "बाळ," त्या म्हणाल्या, आणि मुलीच्या गालावर हात ठेवला. दारातून बघणाऱ्या जावयाने तिथून काढता पाय घेतला.

*

तेवीस तारखेला चाचणी झाली. सासूबाई एका खोलीत एकट्या, समोर फोन. दुसऱ्या खोलीत डॉक्टर, थेरपिस्ट, मुलगी आणि जावई. पहिल्या खेपेला घंटा वाजली, थेरपिस्टने "हॅलो" म्हटलं, पलीकडून श्वास ऐकू आला आणि फोन खाली ठेवला गेला. मुलीने नवऱ्याचं मनगट धरलं. कधी सोडलं ते तिलाही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला "हॅलो"नंतर बराच वेळ काहीच नाही, आणि मग एका दमात:

"बाळ. आई. बाबा. तारा. नाताळच्या शुभेच्छा. चौदा नंबर. टाकीमागची गल्ली. तळमजला."

थेरपिस्टने डोळे मिटले. डॉक्टरांनी समोरच्या कागदावर बघितलं. "इथे वरचा मजला लिहिलंय," ते म्हणाले.

खरी अडचण तीच होती. पेटीवरचा पत्ता कारखान्याचा, बाई राहतात वर. आठवडाभर सगळ्यांनी तो एक शब्द बदलायचा प्रयत्न करून पाहिला होता. 'वरचा मजला' म्हणायला लावलं की पूर्ण पेटी कोसळायची आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. जावयाने शेवटी सायकलवाल्याला गाठून विचारलं होतं. तो पंक्चर काढता काढता म्हणाला होता, "येऊ देत की रुग्णवाहिकावाले तळमजल्यावर. मी काय मेलोय? वर पाठवीन त्यांना. नाहीतरी बाईंचं दार मीच तोडलंय, नवी कडी मीच बसवलीय." हे जावयाने डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं.

"दुकान संध्याकाळी बंद होतं," मुलगी म्हणाली. आवाजात विरोध नव्हता. खरं होतं ते तिने सांगितलं.

डॉक्टरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उद्या दुपारी बाईंना त्यांच्या खोलीवर तीन तास एकटं राहू द्या, काय होतं ते बघा, आणि दोन जानेवारीला पुन्हा या. मग ठरवू.

*

चोवीस तारखेला दुपारी दोन वाजता जावई आणि मुलीने सासूबाईंना त्यांच्या खोलीवर सोडलं. मुलीने नळ घट्ट आहेत का ते तपासलं, जमिनीवरची चटई काढून टाकली, फोन खुर्चीशेजारी ठेवला, पुन्हा नळ तपासले. सासूबाईंनी कोट काढून स्वतःच्या खुंटीला अडकवला आणि मुलीकडे अशा नजरेने बघितलं की ती मुकाट्याने जिना उतरली. खाली सायकलवाल्याने दुकान उघडंच ठेवलं होतं. "आज सहापर्यंत बसतो," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

पाच वाजता जावई घ्यायला येणार होता. पण चारला त्याच्या कामावरून फोन आला. बाजारातल्या एका मोठ्या दुकानाची लिफ्ट बंद पडली होती, आत सणाच्या खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसं होती आणि सुट्टीमुळे दुसरा कुणी हाताशी नव्हता. त्याने माणसं बाहेर काढली, दार पुन्हा बसवायला घेतलं आणि वेळेचं भान सुटलं. पाच वाजून दहा मिनिटांनी खिशात फोन वाजला. पडद्यावर सासूबाईंचा नंबर होता.  हातातला पाना खाली पडला आणि खड्ड्यात जाऊन खणखणला.

"हॅलो?"

श्वास. मागे कुठेतरी सायकलची घंटा वाजली.

"बाळ," सासूबाई म्हणाल्या. "आई. बाबा. तारा. नाताळच्या शुभेच्छा." त्या थांबल्या. "चौदा नंबर. टाकीमागची गल्ली."

तो वाट बघत राहिला. 'तळमजला' आलं नाही. 'वरचा'ही आलं नाही. विचारावंसं वाटत होतं, आई, पडलात का, काय होतंय? त्याने स्वतःला आवरलं. आधीची हाक झाली होती. आता पुढची त्यांची.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. ही कुठल्याच पेटीतली हाक नव्हती. मग बराच वेळ शब्दाची शोधाशोध चालल्यासारखा घशातला आवाज, आणि शेवटी:

"कितव्या?"

जावई लिफ्टच्या उघड्या दारात खाली बसला. "दुसऱ्या, आई," तो म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावर अडकलोय. निघालोच."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

तो तिथे पोहोचला तेव्हा सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, कोट अजून खुंटीलाच होता, आणि खिडकीत जुन्या छोट्या पेटीतला तारा टांगलेला होता. डाव्या हाताने बांधलेला, जरा वाकडा. त्याने तिथून फोन केला तेव्हा बायको लगेच म्हणाली, "तिला आजची रात्र तिथेच राहायचं असेल तर मी येते झोपायला." सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली. मुलगी रात्री आली. तिने आपला टूथब्रश आईच्या पेल्यात ठेवला.

डॉक्टर दोन जानेवारीला ठरवणार आहेत. घरमालकाला पाच तारखेपर्यंत कळवायचं आहे. मजल्याचा शब्द अजून आलेला नाही. दार उघडायला मुलीने आईकडून घेतलेली खोलीची किल्ली पंचवीस तारखेच्या सकाळी मुलीच्याच पर्समध्ये होती. संध्याकाळी ती खोलीतल्या टेबलावर, फोनशेजारी होती.